पुण्याचे सुरेशभाई: मॅरेथॉन, बालेवाडी आणि मग दिल्ली

सुरेश कलमाडी, म्हणजे पुण्याचे काँग्रेसचे माजी खासदार आणि २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थ स्पर्धेच्या आयोजन समितीचे अध्यक्ष, हे नाव काढलं की पुण्याबाहेरचा माणूस डायरेक्ट २०१० वर जातो. कॉमनवेल्थ, घोटाळा, तिहार, विषय संपला. पुण्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणाशी बोला, तो पण घोटाळ्याचं बोलेलच, पण त्याच्या आधी नाहीतर नंतर मॅरेथॉनचं बोलेल, पुणे फेस्टिव्हलचं बोलेल, बालेवाडीच्या क्रीडा संकुलाचं बोलेल, आणि एक वाक्य हमखास येतं की काही म्हणा, माणसाने शहरासाठी केलं. माझं या दोघांशीही पूर्ण पटत नाही आणि म्हणूनच हे लिहायला घेतलंय. पहिल्याला बाकीची तीस वर्षं माहितीच नसतात आणि दुसरा "केलं" म्हणून पुढे जातो, नक्की काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि का टिकलं हे बघत नाही. मला त्या "का" मध्ये जास्त इंटरेस्ट आहे.

आधी एक गोष्ट सांगतो, तिच्यावरच पुढचं सगळं आहे. कलमाडींनी खेळ आणि पर्यटन हे दोन वेगळे विषय कधी मानलेच नाहीत. आपल्याकडे क्रीडा खातं एकाकडे, पर्यटन दुसऱ्याकडे, दोघांच्या फायली आयुष्यात कधी एकमेकींना भेटत नाहीत. यांच्या डोक्यात मात्र साखळी सरळ होती, स्पर्धा भरवायची, त्यासाठी पाहुणे येणार, पाहुणे येणार म्हणून रस्ते, मैदानं, हॉटेलं होणार, ती झाली की अजून मोठी स्पर्धा मागायची. आज सगळ्याच राज्यांचे मंत्री ही भाषा बोलतात. ऐंशीच्या दशकातल्या पुण्यात, म्हणजे पेन्शनरांचं आणि सायकलींचं गाव म्हणून ओळख असलेल्या पुण्यात, असा विचार करणारा राजकारणी शोधूनही सापडला नसता.

माणूस मुळात राजकारणातला नव्हताच. घराणं मूळचं कानडी, वडील डॉ. शामराव कलमाडी, एरंडवण्यातल्या कन्नड संघाच्या हायस्कूलला त्यांचंच नाव आहे. मुलगा फर्ग्युसनला, तिथून १९६० मध्ये खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, आणि १९६४ ला हवाई दलात पायलट. ६५ आणि ७१ ही दोन्ही युद्धं त्यांनी गणवेशात बघितली. नंतर एनडीएतच इन्स्ट्रक्टर होते आणि १९७४ च्या सुमारास नोकरी सोडून बाहेर पडले. डेक्कनवरचं पूना कॉफी हाऊस चालवलं, तिथे ज्यांची उठबस होती त्यातून ओळखी वाढल्या, युवक काँग्रेसमध्ये आले, १९७८ नंतर प्रदेश युवक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, शरद पवारांच्या गोटात गेले आणि १९८२ मध्ये राज्यसभेत. वय अडतीस. इतकं झटपट सांगतोय कारण राजकारणाची ही चढण बऱ्याच जणांची अशीच असते. यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एकच, लष्करी शिस्तीत वाढलेला माणूस होता, मोठा कार्यक्रम तारखेला आणि वेळेला उभा करायचा म्हणजे काय करावं लागतं हे त्याला नोकरीतच कळलेलं होतं. आणि हॉटेल चालवलेलं असल्यामुळे पाहुण्याला काय लागतं हेही कळलेलं होतं.

आता मॅरेथॉन. पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ ला सुरू झाली. मुंबईची जी मॅरेथॉन आज सगळ्या देशाला माहितीये ती सुरू झाली २००४ ला, म्हणजे एकवीस वर्षांनी. १९८३ हे कपिल देवच्या वर्ल्ड कपचं साल. त्या वर्षी देशात क्रिकेट सोडून दुसरं काही बोलणं अवघड होतं, आणि हा माणूस पुण्याच्या रस्त्यावर बेचाळीस किलोमीटर पळायची शर्यत लावतोय, परदेशी धावपटू बोलावतोय. त्यावेळी रनिंग हा छंद नव्हता आपल्याकडे. पोलीस भरतीवाली पोरं पळायची, मिल्ट्रीतले पळायचे, नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनाआधीच्या स्पर्धेत पळायचे. नोकरदार माणूस सकाळी उठून चड्डी घालून रस्त्यावर पळतोय हे दृश्यच नव्हतं.

आमच्या घरात डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे मॅरेथॉनचा रविवार. स्वारगेटला नेहरू स्टेडियम, सणस मैदान, सारसबाग त्या सगळ्या भागात सकाळी थंडीत स्वेटर घालून लोक फुटपाथवर उभे राहायचे. वडील आम्हाला घेऊन जायचे. आधी पोलिसांच्या मोटरसायकली यायच्या, मग एक जीप, आणि मग केनियाचे, इथिओपियाचे धावपटू, आणि ते ज्या वेगाने जायचे तो वेग टीव्हीवर कधीच कळत नाही, समोरून गेला की कळतो, पायांचा आवाज पण येत नाही धड आणि माणूस पुढच्या चौकात. त्यांच्या मागे आपले आर्मीचे, रेल्वेचे, मग बऱ्याच वेळाने हौशी लोक, एखादे आजोबा, एखादा अनवाणी पळणारा खेड्यातला पोरगा, आणि टाळ्या सगळ्यात जास्त त्या अनवाणी पोरालाच. तिकीट नाही, पास नाही, ओळख लागत नाही. मला वाटतं कलमाडींच्या सगळ्या कामातलं सगळ्यात अस्सल काम हेच. घरासमोरच्या रस्त्यावरून जागतिक दर्जाचा खेळाडू जातो आणि तुम्ही हातभर अंतरावरून बघता, फुकट, हे भारतातल्या किती शहरातल्या पोरांना १९८३-८४ मध्ये मिळत होतं?

तक्रारी पण होत्याच. रस्ते बंद, रविवारी सकाळी दूधवाला येत नाही, परदेशी लोकांना बक्षिसं आणि आपल्यांना सर्टिफिकेट, हे सगळं ऐकलंय. त्यातली शेवटची तक्रार खरीच होती. परदेशी धावपटू येऊन जिंकून जायचे, पण त्यांच्याशी टक्कर घेईल असा पुण्याचा धावपटू तयार करायची यंत्रणा मॅरेथॉनच्या बरोबरीने उभी राहिली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दिल्लीपर्यंत हेच दिसतं.

मग १९८९. पुणे फेस्टिव्हल. पुण्याचा गणेशोत्सव तेव्हाही मोठाच होता, मानाचे पाच गणपती, दगडूशेठ, मंडई, देखावे, रात्रभर चालणारी विसर्जन मिरवणूक. पण तो पुणेकरांचा पुणेकरांसाठी होता, बाहेरचा माणूस आला तर त्याला कुठे जायचं, काय बघायचं, कुठे बसायचं काही कळायचं नाही. कलमाडींनी त्या दहा दिवसांना पर्यटन खात्याच्या आणि एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, नकाशावर टाकलं. शास्त्रीय संगीत, नाटक, लावणी, कीर्तन, मुशायरा, केरळ महोत्सव, महिला महोत्सव, आणि त्याच्याच बरोबर गोल्फ, बॉक्सिंग. बघा, इथेही खेळ आलाच. पंडित भीमसेन जोशी या फेस्टिव्हलच्या अगदी जवळचे, आणि हेमामालिनी तर दरवर्षी गणेशवंदना सादर करायला यायच्या, इतक्या नेमाने की आमच्या पेठेत गणपती जवळ आला की यंदा हेमामालिनी कधी येणार हा प्रश्न यायचाच.

पेठांमध्ये याच्यावर नाराजी होती, खूप होती. टिळकांच्या उत्सवात हॉटेलवाले आणि फिल्मवाले कशाला हा सूर मी लहानपणी घरातच ऐकलाय, आजोबांचा होता. मला आजोबांचा मुद्दा तेव्हाही समजायचा आणि आजही समजतो. पण मला असं वाटतं की फेस्टिव्हलने मंडळांच्या गणपतीला हात लावला नाही. मंडपातला उत्सव मंडपातच राहिला, फेस्टिव्हल त्याच्या शेजारी उभा राहिला, गणेश कला क्रीडा मंचात. आणि लावणीवाल्या बायकांना, कीर्तनकारांना, मुशायऱ्यातल्या शायरांना एकाच जाहिरातीत, एकाच मानाने जागा मिळाली. पुण्यासारख्या शहरात, जिथे कुठली कला कुठल्या पेठेत चालते यावरून माणसं माणसांना जोखतात, तिथे हे लहान काम नव्हतं.

आणि इथेच मला त्या "का" चं उत्तर मिळतं असं वाटतं. मॅरेथॉन आणि फेस्टिव्हल टिकले कारण दोन्हीला आधीच तयार जमीन होती. लोक गणपतीत बाहेर पडतातच, फेस्टिव्हलने त्यांना अजून एक दार उघडून दिलं. डिसेंबरच्या सकाळी पुणेकर फिरायला जातोच, त्याला रस्त्याच्या कडेला उभं राहायला कारण दिलं. माणसांच्या सवयीला धरून कार्यक्रम उभा केला की तो माणसांचा होतो.

राजकारणात दरम्यान बरंच काही चालू होतं. नव्वदच्या दशकात पुणे महापालिकेत काँग्रेस म्हणजे कलमाडी, कर्वे रोडच्या बाजूला असलेलं कलमाडी हाऊस हे पालिकेचं दुसरं ऑफिस असल्यासारखंच होतं. "सबसे बडा खिलाडी, सुरेशभाई कलमाडी" ही घोषणा तेव्हाच्या कार्यकर्त्यांची. १९९५-९६ मध्ये नरसिंह रावांच्या सरकारात रेल्वे राज्यमंत्री, १९९६ ला पुण्याचे खासदार. १९९८ ला काँग्रेस सोडून अपक्ष उभे राहिले, भाजपने पाठिंबा दिला, आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपेंनी हरवलं. परत काँग्रेस, परत २००४ आणि २००९ ला खासदार. २००७ ला पालिकेत तो प्रसिद्ध पुणे पॅटर्न, राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र आले, आणि त्याचा उद्देश एकच होता की पालिका कलमाडींच्या हातातून काढायची. म्हणजे एका माणसाची पकड किती असेल विचार करा.

पण मला परत १९९४ ला यायचंय. त्या साली पुण्यात नॅशनल गेम्स झाल्या आणि त्यासाठी म्हाळुंगे-बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं. आज बालेवाडी म्हटलं की हाय स्ट्रीट, टॉवर, मेट्रो. तेव्हा तिथे शेतं होती. पुण्यातल्या माणसाला बालेवाडी कुठे आहे हे सांगायला लागायचं, बाणेरच्या पुढे, अजून पुढे. मोकळ्या माळावर सिंथेटिक ट्रॅक, तलाव, इनडोअर हॉल, शूटिंग, सगळं एका जागी. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते आणि सरकारची ताकद मागे होती हे तर आहेच, एकट्या कलमाडींचं श्रेय नाही ते. पण स्पर्धा पुण्यात आणायची धडपड त्यांची होती, अॅथलेटिक्सच्या राष्ट्रीय संघटनेत ते तेव्हा वर पोचलेले होते.

मी तर म्हणेन आज पुण्याचा पश्चिम भाग जो दिसतो त्याची सुरुवात आयटीच्या आधी या संकुलाने झाली. हिंजवडी नंतर आली. रस्ता आधी खेळासाठी गेला.

त्या संकुलाने पुढे काय काय बघितलं. आयएसएलचा फुटबॉल, पुणेरी पलटणच्या कबड्डी मॅच, २०१८ पासून काही वर्षं महाराष्ट्र ओपन टेनिस, २०१९ ला खेलो इंडिया. आणि त्याआधी २००८ चे कॉमनवेल्थ युथ गेम्स. ऑक्टोबर २००८, एकाहत्तर देश, अठरा वर्षांपर्यंतची पोरं, जिगर नावाचा वाघाचा बछडा मॅस्कॉट. शहरभर तो बछडा होता, बसवर, चौकात, शाळेच्या वह्यांवर. भारत ३३ सुवर्णपदकं घेऊन पहिला आला. सायना नेहवाल बॅडमिंटनचं सुवर्ण जिंकली. आणि कोल्हापूरची राही सरनोबत नेमबाजीत सुवर्ण जिंकली, तिचं मोठ्या स्पर्धेतलं सुरुवातीचं पदक हे आपल्याच मातीतलं, पुण्यातलं. दोन वर्षांनी तिने दिल्लीत अनिसा सय्यदच्या जोडीने सुवर्ण घेतलं आणि २०१८ ला जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकली. मला कुणी विचारलं की अशा स्पर्धा भरवून काय मिळतं तर मी आधी राहीचं नाव घेतो, आकडे नंतर. घरच्या माणसांसमोर, घरच्या रेंजवर, जगातल्या पोरांशी खेळायला मिळणं याची किंमत खेळलेल्या माणसालाच कळते.

आता दिल्ली. हे टाळून लिहिता येणार नाही आणि टाळायचं पण नाहीये.

कलमाडी १९९६ ला भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष झाले. नोव्हेंबर २००३ मध्ये जमैकातल्या माँटेगो बे इथे २०१० च्या कॉमनवेल्थचं मतदान झालं, कॅनडाच्या हॅमिल्टनला ४६ विरुद्ध २२ असं हरवून दिल्लीला स्पर्धा मिळाली. प्रत्येक सदस्य देशाला खेळाडूंच्या तयारीसाठी एक लाख डॉलर द्यायची ऑफर दिली होती, त्यावर तेव्हाही टीका झाली. पण तयारीला सात वर्षं होती. सात वर्षं! आणि २०१० च्या उन्हाळ्यात स्टेडियम अपुरी, ऑगस्टमध्ये पेपरात रोज नवीन भानगड, ट्रेडमिलचं भाडं काय, टॉयलेट पेपरच्या रोलचा दर काय, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि मजूर जखमी झाले, खेळाडूंच्या गावातले घाणीचे फोटो जगभर गेले, काही देशांचे संघ येऊ की नको करत बसले.

न्याय करायचा तर हेही सांगायला पाहिजे की पूल, स्टेडियम, खेळाडूंचं गाव ही बांधकामं आयोजन समितीची नव्हती, ती दिल्ली सरकार, डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण), सीपीडब्ल्यूडी (केंद्राचं बांधकाम खातं) आणि खाजगी बिल्डर यांच्याकडे होती. सगळं एका माणसाच्या डोक्यावर टाकून बाकीचे सुटले असं माझं मत आहे. पण आयोजन समितीचा अध्यक्ष तोच माणूस होता. तिकिटं, कंत्राटं, कामाला लागलेली माणसं, हे त्याच्या सहीचं होतं. पहिल्या दिवसांत स्टँड रिकामे होते. ज्या माणसाने पुण्यात तिकिटाशिवाय रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी केली, त्याच्या स्पर्धेत राष्ट्रीय रेकॉर्ड होताना समोर रिकाम्या खुर्च्या. मला घोटाळ्याच्या बातम्यांपेक्षा त्या खुर्च्यांचा जास्त त्रास झाला होता. दिल्लीला कुणाच्या सवयीची जमीन नव्हती, ती वरून आणून ठेवलेली स्पर्धा होती. उद्घाटनाला कलमाडी बोलायला उभे राहिले आणि स्टेडियमने त्यांची हुर्यो उडवली, जगातल्या टीव्हीवर.

आणि मैदानात त्याच वेळी काय चाललं होतं! ३८ सुवर्णं, १०१ पदकं, इंग्लंडला मागे टाकून भारत दुसरा. कृष्णा पुनियाचं थाळीफेकीतलं सुवर्ण, मिल्खा सिंगांच्या १९५८ नंतर कॉमनवेल्थमधलं अॅथलेटिक्सचं पहिलं, आणि त्याच स्पर्धेत तिन्ही पदकं आपल्याच बायकांची. बायकांचं चार बाय चारशे रिलेचं सुवर्ण. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ, कॉमनवेल्थमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी पहिली भारतीय बाई. ज्या वेळी देशाने या पोरींच्या नावाने फटाके लावायचे त्या वेळी पेपरचं पहिलं पान चौकशीचं होतं. त्यांच्या वाट्याचं कौतुक कुणीतरी खाल्लं ही गोष्ट मी अजून विसरू शकत नाही, आणि याची जबाबदारी आयोजकांवर येते, मग कोर्ट काही म्हणो.

कोर्टाचं म्हणाल तर, टायमिंग आणि स्कोअरिंगच्या कंत्राटावरून सीबीआयने २५ एप्रिल २०११ ला अटक केली, काँग्रेसने निलंबित केलं, जवळजवळ नऊ महिने तिहारमध्ये काढून जानेवारी २०१२ ला जामीन. त्या प्रकरणात आरोप निश्चित झाले. दुसरीकडे मनी लाँडरिंगच्या प्रकरणात ईडीने क्लोजर रिपोर्ट दिला आणि एप्रिल २०२५ ला दिल्लीच्या कोर्टाने तो स्वीकारला, म्हणजे तिथे पंधरा वर्षांनी काही निघालं नाही. ज्यांनी २०१० ला निकाल देऊन टाकला होता त्यांनी हेही वाचावं, आणि ज्यांना आता सगळंच खोटं होतं म्हणायचंय त्यांनी एका प्रकरणावरून बाकीचं पुसू नये.

मला विचाराल तर चूक २०१० च्या आधीची आहे. एकच माणूस पंधरा वर्षं ऑलिंपिक संघटनेवर, त्याच्याआधी आणि त्याच्याबरोबर अॅथलेटिक्सच्या देशाच्या आणि आशियाच्या संघटनेवर. आजूबाजूची माणसं तीच ती. प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. मे २०१० मध्ये क्रीडा मंत्रालयाने अध्यक्षांना बारा वर्षांची मर्यादा लावायला घेतली तेव्हा संघटनांनी जोरदार विरोध केला, त्यात कलमाडी पुढे होते. पुढे २०१२ च्या डिसेंबरमध्ये संघटनेच्या निवडणुकीवरून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारताला निलंबित केलं, आणि फेब्रुवारी २०१४ ला सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आपला ल्यूजचा (बर्फावरच्या घसरगाडीचा) खेळाडू शिव केशवन तिरंग्याशिवाय, ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालला. खुर्चीवरच्या माणसांच्या भांडणाची शिक्षा खेळाडूला.

एक प्रसंग फार लोकांना माहीत नाही. जुलै २०१३ मध्ये आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा बालेवाडीला झाली, ती आधी चेन्नईला होणार होती, श्रीलंकेच्या खेळाडूंवरून तामिळनाडू सरकारने नकार दिल्यावर पुण्याला आली. स्पर्धेच्या आधी पुण्यातच आशियाई संघटनेची निवडणूक झाली, आणि २००० पासून अध्यक्ष असलेले कलमाडी कतारच्या दहलान अल हमद यांच्याकडून थोडक्यात हरले. स्वतःच्या शहरात, स्वतः आणलेल्या संकुलाशेजारी. २०१४ ला पुण्याचं तिकीट काँग्रेसने विश्वजित कदमांना दिलं. २०१६ ला ऑलिंपिक संघटनेने त्यांना तहहयात अध्यक्ष करायचा ठराव केला, गदारोळ झाला, मंत्रालयाने डोळे वटारले, आणि नाव स्वच्छ होईपर्यंत घेणार नाही असं त्यांनी कळवलं. तो निर्णय योग्य होता.

आता मागे काय राहिलं. मॅरेथॉन आहे, पुणे फेस्टिव्हल आहे, दोन्ही दुसऱ्या हातांनी पुढे नेलेत. बालेवाडी आहे, पण बालेवाडीचं जे होतं ते बघून जीव तुटतो. स्पर्धा असली की रंगरंगोटी, नसली की लग्नं, कॉन्सर्ट, प्रदर्शनं. २०२१ मध्ये तर बैठकीला आलेल्या नेत्यांच्या गाड्या ट्रॅकपर्यंत आणून लावल्या होत्या, फोटो आले म्हणून कळलं. संकुल बांधताना रोजच्या वापराचा, कोचचा, जवळच्या झेडपी शाळेतल्या पोराला आत यायला लागणाऱ्या बसभाड्याचा हिशोब कुणी मांडला नाही, कलमाडींनी पण नाही. ते उद्घाटनाच्या दिवसाचे माणूस होते. तो दिवस उभा करण्यात त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. दुसऱ्या दिवसापासूनचं काम त्यांचं नव्हतं आणि ते करणारा त्यांनी शेजारी ठेवला नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे कॉमनवेल्थ परत येतायत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोला ठरलं, २०३० ला अहमदाबाद. पुन्हा तेच शब्द ऐकू येतायत, खेळ, पर्यटन, जगाच्या नकाशावर शहर. दिल्लीला टर्मिनल ३ जुलै २०१० ला चालू झालं, मेट्रोच्या नवीन लाइन मिळाल्या, एअरपोर्ट एक्सप्रेस मात्र गेम्स संपल्यावर फेब्रुवारी २०११ ला सुरू झाली, तरी ती आज लाखो लोक वापरतात, म्हणजे अशा स्पर्धेतून शहराला मिळतं हे खोटं नाही. गोव्याने २०२३ ला नॅशनल गेम्स केल्या, आपला महाराष्ट्र २२८ पदकांनी पहिला आला, आणि गोव्यातल्या मैदानांचं पुढे काय झालं हे तिथल्या मित्रांकडून मी विचारत असतो.

अहमदाबादला जाणाऱ्या आपल्या खेळाडूंची आज जी वयं आहेत ती बारा-पंधरा आहेत. ती पोरं आत्ता सांगली, नंदुरबार, सावंतवाडी कुठेतरी मातीवर पळतायत. बालेवाडीचा ट्रॅक त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ मोकळा पाहिजे, लग्नाचे मंडप कायमचे बंद पाहिजेत, होस्टेलला कोच पाहिजे आणि मॅरेथॉनमध्ये परदेशी धावपटूंच्या बरोबरीने जिल्ह्याच्या पोरांसाठी वेगळं बक्षीस आणि वर्षभराचा खुराक पाहिजे. हे करायला जमैकाला जाऊन मतं मागावी लागत नाहीत, क्रीडा खात्याच्या पुण्यातल्या ऑफिसातून होतं. मी तिथे अर्ज दिलाय. पुण्यात राहणाऱ्या ज्यांना पटतंय त्यांनीही द्या, चार ओळींचा पुरतो.